बावन्न मार्कांची तार

आमच्या पाऱ्यात, म्हणजे इकडच्या बोलीत मोहल्ल्यात, नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगून ठेवायची पद्धत होती. नळाला पाणी किती वाजता येतं, आणि कुसुमआत्यांसमोर कागद फाडायचा नाही. माझ्या आईने माझ्या बायकोला नळाचं सांगितलं आणि दुसरं विसरली. व्हायचं तेच झालं. आत्या सूनमुख बघायला आल्या, निघताना बायकोने चिवडा बांधून द्यायला जुन्या वहीचं एक पान टरकन फाडलं, आणि आत्या खुर्चीतून ताडकन उठल्या.

"अवो माय! काहून फाडलं ते?"

बायको नागपूरची, म्हणजे ऐकून घेणारी नव्हे. पण त्या दिवशी तिचीही वाचा बसली. आत्यांनी वहीतलं उरलेलं अर्धं पान आणि चिवड्याखालचं अर्धं पान अशी दोन्ही घेतली, जुळवून पाहिली, पिशवीत ठेवली आणि चालू लागल्या. चिवडा ताटलीत राहिला. त्या गेल्यावर बायकोने विचारलं, "या कोण?" आई म्हणाली, "त्या लढाईत गेलेल्या मधुकरची बहीण." एवढं सांगितलं की सगळं सांगितलं असा आईचा समज होता. मला स्वतःला मात्र या दोन गोष्टींचा संबंध कळायला पुढे वीस वर्षं लागली. तोवर मी आत्यांची यथेच्छ थट्टा केली.

आत्या म्हणजे जेमतेम पाच फूट, नाकावर घसरलेला चष्मा, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. एका सरकारी कचेरीच्या रिकार्ड रूममध्ये त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. नोकरीत असताना लोक त्यांच्याकडे दाखले, नकला, सातपिढ्यांचे उतारे मागायला यायचे आणि त्या खिडकीतून एकच वाक्य बोलायच्या, "कागद कुठं हाय?" माणूस रडो, पाया पडो, स्वतःच्या बापाची शपथ घेवो, आत्यांचं उत्तर ठरलेलं. "कागद बोलते, मानूस बोंबलते." निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हे वाक्य घेतलं आणि टाळ्या मिळवल्या. आत्यांनी त्या भाषणाचा कागद साहेबांच्या हातातून मागून घेतला.

घरी तर कागदांचं राज्यच होतं. दोन खोल्या आणि पुढे अंगण, त्यातली मागची खोली पूर्णपणे कागदांना दिलेली. लग्नपत्रिका, विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, निवडणुकीची पत्रकं, रामनवमीच्या भंडाऱ्याची निमंत्रणं, सगळं गठ्ठ्यांत. पाकीट आलं तर त्या ते वाफेवर धरून गोंद सुटेपर्यंत थांबायच्या. भिंतीवर रोजचं पान फाडायचं असतं ना, तसलं तारखांचं जाड कॅलेंडर होतं. आत्या पान फाडायच्या नाहीत, उलटून मागे खोचायच्या. डिसेंबरपर्यंत त्या कॅलेंडरचं पोट एवढं सुटायचं की खिळा वाकायचा. माझी मुलगी लहानपणी विचारायची, "आत्या, इसके अंदर बेबी है क्या?" पोरांचं हे असंच. मराठी सगळं कळतं, बोलायचं हिंदीत.

या संग्रहाचा पाऱ्याला त्रासही व्हायचा. आमच्या ओळीतल्या विजू नावाच्या एका बाईंनी थाटात पन्नाशीचा केक मागवला. फुगे, रिबिनी, नागपूरहून आलेल्या नणंदा. आत्या सर्वांदेखत पिशवीतून एक पिवळी पडलेली पत्रिका काढून म्हणाल्या, "बाई, हे तुयाच बारशाचं आमंत्रन. माया आईनं जपून ठेवलं होतं. यावरून तू छप्पन्नची होतेस." केक कापला गेला, पण 'हॅपी बर्थडे' कोणी नीट म्हटलं नाही. त्या बाईंनी नंतर वर्षभर आत्यांशी अबोला धरला. आत्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण अबोल्याचा कागद नसतो.

अशा बाईला वर्षातून दोनदा मात्र फार मान असायचा. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. शहीदाचं घर शहरात असलं की त्या दोन दिवशी सगळ्यांना त्याची आठवण येते, उरलेले दिवस कोणी नालीवरची फरशी बसवून देत नाही. आत्यांना मंचावर बसवायचे. गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्यांच्यासमोर टेबलावर एक मिठाईचा डबा उघडून ठेवायचे. त्यात लाल मखमलीच्या तुकड्यावर मधुकरची तीन पदकं. इतकी चकचकीत, की सूर्य वर आला की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना डोळे मिटून घ्यावे लागत.

निवेदक दर वर्षी थोडा पुढे जायचा. आधी नुसतं 'पदक' म्हणायचा. मग 'शौर्यपदक' झालं. एका सव्वीस जानेवारीला त्याने गर्जना केली की या वीराने एकट्याने शत्रूच्या तीन चौक्या उडवल्या आणि त्याबद्दल राष्ट्रपतींनी स्वतः ही पदकं छातीवर लावली. टाळ्यांचा कडकडाट. आत्या उठल्या, माइककडे गेल्या, आणि त्याला हाताने बाजूला सारून म्हणाल्या, "ये गलत बोल रहे हैं. हे पदक त्या लढाईत होते त्या समद्याइले भेटले. स्वयंपाक करनाऱ्यालेही भेटले. अन् मेल्यावर छाती कुठून आनली यानं?"

मागे कोणीतरी लाऊडस्पीकरवर घाईघाईने देशभक्तीचं गाणं सोडलं. नंतर मी आत्यांना घरी सोडायला गेलो. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, कायले सांगता? लोकांना बरं वाटते तेवढंच."

"लोकाइले बरं वाटावं म्हनून नाई मेला थो."

मी त्यांच्या खांद्यावरच्या नव्या शालीचा विषय काढला. या शाली समारंभ समितीचे अध्यक्ष पंडरी बाजारातल्या स्वतःच्या कापडदुकानातून आणायचे. दुकानात जो रंग चार वर्षं खपला नाही तो शहीद परिवाराच्या वाट्याला यायचा. आत्यांकडे पोपटी, किरमिजी आणि एक अवर्णनीय जांभळी अशा पन्नासेक शाली जमल्या होत्या. त्या त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यांवर पांघरल्या होत्या. मागच्या खोलीत डोकावलं की वाटायचं, पन्नास पाहुणे अंगावर शाल घेऊन झोपलेत.

मग तो दगड आला. तेलीबांध्याच्या पुढे नव्या वस्तीत एक बाग झाली, आणि बागेत काळा गुळगुळीत दगड उभा राहिला. त्यावर सोनेरी अक्षरात जिल्ह्यातल्या शहीदांची नावं. अनावरणाला आत्या पहिल्या रांगेत. पडदा सरकला. आत्यांनी चष्मा पुसून वरून खाली, मग खालून वर नावं वाचली. मधुकरचं नाव नव्हतं.

इतकी वर्षं ज्या बाईला शहीदाची बहीण म्हणून मंचावर बसवलं, तिच्या भावाचं नाव दगडावर घ्यायचं समितीच्या डोक्यातच आलं नाही. अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "दीदी, आपके भाई नागपूर से भर्ती हुए थे, इसलिए लिस्ट में नहीं आए. आप बस शहादत का कोई कागज ले आइए. तार, चिट्ठी, सर्विस नंबर, कुछ भी. नाम खुदवा देंगे."

रिक्षात बसल्यावर आत्या बाहेर बघत मला म्हणाल्या, "सुध्या, बत्तीस वर्षं मी खिडकीतून लोकाइले हेच विचारलं. कागद कुठं हाय?"

मी हसलो. मला वाटलं, जिच्या घरात विजूच्या बारशाची पत्रिका सापडते तिला सख्ख्या भावाचा कागद सापडणार नाही होय! म्हणालोही तसं. "आत्या, तुमच्याकडे कागदाला काय तोटा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, त्या दिवशी सुटी होती. आत्यांनी चहा केला, माझ्यासमोर बसल्या आणि आपण होऊन सांगायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तार आली तवा बाबा ड्युटीवर होते. घरात इंग्रजी येनारी मी एकटी. अठरा वर्षांची. ओट्यावरच उघडली. चार ओळी होत्या. आपल्याकडं नेम माहीत हाय ना तुले? मयताचा कागद उंबऱ्याच्या आत आनाचा नाई. वाचाचा, फाडाचा, नालीत टाकाचा, अन् डोक्यावरून पानी घ्याचं. आजी गेली तवा बाबांनी तसंच केलं, मामा गेला तवाही. मी हुशार पोट्टी. नेम पाठ होता मले."

"फाडली?"

"आठ तुकडे. अन् मंग आत जाऊन आईले सांगितलं."

आई भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, दाखव कागद. कागद नालीतून पुढच्या गल्लीत पोचला होता. आई पुन्हा म्हणाली, दाखव. मग तिने लेकीकडे नीट पाहिलं आणि जे बोलली ते आत्यांनी मला तिच्याच आवाजात ऐकवलं.

"तुले मॅट्रिकले इंग्रजीत बावन्न मार्क. बावन्न मार्काच्या भरवशावर मी माया पोराले मेला मानू?"

ती म्हातारी पुढे तीस वर्षं जगली आणि तीस वर्षं हे मानलं नाही. पोट्टीने चुकीचं वाचलं असेल, दुसऱ्या कोणाची तार असेल, कैदेत असेल, येईल. बापाचं वेगळंच. तो रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होता, मितभाषी माणूस. लेक म्हणते म्हणजे खरं, असं मानून त्याने दिवस केले. मुलाच्या आत्म्याला घराची ओढ राहू नये म्हणून त्याचे कपडे आणि त्याची झाडून सगळी पत्रं राजिमला नेऊन नदीत सोडली. त्याच सुमारास पलटणीकडून एक लांब पाकीट आलं होतं. त्यातही मरणाचंच असणार म्हणून तेही त्याने न उघडता सोडलं. शिपायाच्या प्रत्येक पत्रावर मागे त्याचा नंबर असतो. सगळे नंबर महानदीत गेले. बापाची नोकरी चालू होती, त्याने सरकारकडे काही मागितलं नाही, म्हणून कुठल्या कचेरीत फाइलही उघडली नाही. त्या घरात मरणाचा एकही कागद दोन तास टिकला नाही, एवढं ते घर नेमाचं होतं.

"पन पदकं?" मी विचारलं. "पदकाच्या कडेवर नंबर कोरलेला असतो म्हणतात."

आत्यांनी मिठाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी एकेक पदक उचलून कड पाहिली. आरशासारखी गुळगुळीत. "पदकं दोन वर्षांनी टपालानं आली. आई म्हने, पदकं जित्यालेही भेटतात. देवघरात ठेवली. दर दसऱ्याले चिंच अन् राख लावून घासे, तांब्या-पितळ्यासंगं. थो येईन तवा चमकली पाहिजेत म्हने. अठ्ठावीस दसरे घासली."

मी हे सगळं ऐकून हसावं की काय करावं या विचारात होतो. एका शिपायाचा नंबर पुसायला शत्रूला जमलं नसतं ते या तिघांनी प्रेमाने करून दाखवलं होतं. आणि मग आत्या खाली बघून म्हणाल्या, "आई असेपर्यंत मले अर्ज करू दिला नाई. म्हने, तू अर्ज केला म्हंजे तूच मारलं त्याले. आई गेल्यावर मी चौदा अर्ज केले. सगळ्याचं उत्तर एकच, नंबर कळवा. दगडाचं सोड रे. नाव असलं काय अन् नसलं काय. मले फक्त एक कागद पाहिजे. आता आता मलेच वाटते, बराबर वाचलं होतं ना मी? बावन्नच मार्क होते."

तेव्हा मला त्या बाईच्या मागच्या खोलीचा अर्थ कळला. अठराव्या वर्षी एक कागद फाडला आणि मग आयुष्यात दुसरा फाडला नाही. इतकी वर्षं त्यांच्या कॅलेंडरवर केलेले माझे सगळे विनोद मला त्या क्षणी आठवले आणि मला स्वतःची लाज वाटली.

अर्थात लाज वाटली म्हणून थट्टा सुटते असं नाही. पुढच्या पावसाळ्यात आत्यांच्या कागदांना वाळवी लागली तेव्हा पहिला विनोद मीच केला, की शेवटी कोणीतरी हे सगळं वाचून काढणारं भेटलं. आत्या म्हणाल्या, "तोंड चालवतं तेवढे हात चालव." आम्ही गठ्ठे अंगणात काढायला लागलो. एक शाल, एक गठ्ठा. एक शाल, एक गठ्ठा. तिसऱ्या दिवशी खोलीचा तळ लागला. तळाशी एक लोखंडी पेटी होती, आणि तिच्यावर पन्नास वर्षं कागद रचले होते.

"ही मधूची पेटी," आत्या म्हणाल्या. "सामान आलं होतं हिच्यात. रिकामी हाय."

पेटी रेल्वेच्या तांबड्या रंगाची होती. त्या घरात स्टूल, खिडकीचे गज, पाळण्याची कडी, सगळं त्याच रंगाचं. बाप कारखान्यातून उरलेला रंग आणायचा. मी सहज विचारलं, फौजेची पेटी तर काळी असते ना? आत्या म्हणाल्या, "काळीच होती. वरती पांढऱ्या अक्षरात त्याचं नाव होतं. आई नाव पाहून पाहून जेवत नव्हती. म्हनून बाबांनी एक दिवस तीन हात मारले रंगाचे."

बोलता बोलता त्या थांबल्या. मीही थांबलो. फौजी पेटीवर नुसतं नाव नसतं.

मी धावत घरी गेलो आणि पॉलिश पेपर घेऊन आलो. पेटीवर हात फिरवणार, तोच आत्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"घासू नको! या घरात घासून घासूनच नंबर गेले."

त्यांचं बरोबर होतं. मग मला आमच्या डिस्पॅचची एक युक्ती आठवली. जुन्या वॅगनवर नवा रंग मारला की आधीचा नंबर दिसत नाही. पण जुन्या अक्षरांचा रंग जाड बसलेला असतो, त्याचा उंचवटा राहतो. टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरली की अक्षरांना सावली पडते. खोलीची दारं-खिडक्या लावल्या, फटीत दोन शाली कोंबल्या, आणि मी टॉर्च आडवी धरली. आधी काही दिसलं नाही. मग किंचित खाली केली आणि तांबड्या रंगातून एक आकडा वर आला. त्याच्या शेजारी दुसरा. आत्या गुडघ्यावर बसून बोटाने हवेत आकडे गिरवत होत्या, पेटीला बोट लावायचं धाडस होत नव्हतं. आकडे संपले, मग हुद्दा, मग मधुकर.

"लिही," त्या म्हणाल्या. "माया वाचन्यावर जाऊ नको. तू वाच, तू लिही, मंग मी वाचते."

आम्ही तो नंबर चार वेळा वाचला. बावन्न मार्कांची धास्ती माणसाला कुठवर पुरते, हे मी त्या अंधाऱ्या खोलीत पाहिलं.

पंधरावा अर्ज गेला. उत्तराला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत आत्या रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर बसायच्या आणि तो काही न देता गेला की त्याची सायकल कशी गंजली आहे ते त्याला सांगायच्या. नोव्हेंबरात एका सकाळी त्यांनी मला निरोप पाठवला. मी गेलो तर आत्या ओट्यावर उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, हातात सरकारी कागद. उंबऱ्याच्या आत एक खुर्ची, खुर्चीत त्यांच्या आईचा भिंतीवरून काढलेला फोटो. हार घालून नव्हे, नुसता.

"तवा आई आत होती अन् मी बाहेर," त्या म्हणाल्या. "सुध्या, आता ऐक तू. कुठं चुकली तर सांग."

आणि त्यांनी इंग्रजी वाचायला सुरुवात केली. शाळेत बाई उभं करून वाचून घेतात तसं, शब्दाशब्दाला थांबत, मोठ्या आवाजात. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. डिसेंबरातली तारीख. 'किल्ड इन अ‍ॅक्शन' या तीन शब्दांवर आल्या तेव्हा थांबल्या नाहीत, उलट आवाज वाढवला. म्हातारीला शेवटी ऐकायला कमी यायचं, म्हणून असेल. मग सगळं मराठीत सांगितलं. मग फोटोकडे बघून म्हणाल्या,

"आई, मी बराबर वाचलं होतं."

माझे डोळे भरून आले होते आणि मी नाक पुसायला खिसे चाचपत होतो. तेवढ्यात टरकन आवाज झाला. आत्यांनी कागद मधोमध फाडला होता. मी ओरडलो, "आत्या! काय करून राहिल्या? पन्नास वर्षांनी आला तो!" तोवर चार तुकडे झाले, मग आठ. नालीत पाणी कमी होतं, म्हणून त्यांनी वरून एक तांब्या ओतला.

"मयताचा कागद घरात ठेवत नसतात," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि खांद्याची पिशवी उघडून दाखवली. "सकाळीच चौकात जाऊन अकरा झेरॉक्स काढल्या. येडी समजलं काय मले?"

मग डोक्यावरून पाणी घ्यायला आत गेल्या.

एक झेरॉक्स घेऊन आम्ही समितीकडे गेलो. अध्यक्षांनी कागद कपाळाला लावला, आत्यांच्या पाया पडले आणि म्हणाले की नाव तर खोदायलाच हवं, पण दगडावर जागाच उरली नाही. ते खरं होतं. वरच्या अर्ध्या भागात शहीदांची नावं होती आणि खालच्या अर्ध्या भागात समितीच्या सदस्यांची. आत्या म्हणाल्या, "तो आप में से एक जन कम हो जाओ." अध्यक्ष खूप हसले. म्हणाले, दीदी मजाक बहुत अच्छा करती हैं. पुढच्या सव्वीस जानेवारीच्या आत बाजूला छोटी पाटी लावायचं ठरलं. ती अजून लागलेली नाही. मी मधून मधून जाऊन पाहतो, सदस्यांच्या नावांना सोनेरी रंगाचा नवा हात मात्र मारलेला दिसतो.

आम्ही पारा सोडून तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आत्या गेल्या. निरोप फोनवर आला. फाडायला काही नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळाखाली डोकं धरलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. पेटी, मिठाईचा डबा आणि दहा झेरॉक्स त्यांनी माझ्या नावावर ठेवल्या होत्या, त्याचा रीतसर कागद करून.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सव्वीस जानेवारीच्या सकाळी. आमचं सामान टेंपोत चढत होतं. मैदानावरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता, निवेदक 'वीर शहीद की बहन' मंचावर आल्याबद्दल आभार मानत होता. त्याने मंचाकडे पाहिलं नसावं. कारण शहीदाची बहीण न्हालेले केस मोकळे सोडून आपल्या अंगणात उन्हात, तांबड्या पेटीवर बसली होती. समोर कबाड्याचा, म्हणजे रद्दीवाल्याचा, ठेला. तो मागच्या खोलीतून गठ्ठे आणून रचत होता, थंडीने कुडकुडत. बिचाऱ्याला एवढं घबाड मिळेल असं वाटलं नव्हतं. दर खेपेला, हेही नेऊ का म्हणून, विचारायचा, "माताजी, यहू ला लेगंव?"

"हव, जम्मो ले जा," आत्या म्हणायच्या. सगळंच ने.

ठेला भरला. कबाडी जायला निघाला तेव्हा आत्यांनी त्याला थांबवलं, घरात गेल्या, आणि ती अवर्णनीय जांभळी शाल आणून त्याच्या खांद्यावर नीट दोन्ही बाजूंनी घातली. मैदानावर त्याच वेळी टाळ्या पडल्या. कबाड्याला काय करावं कळेना, त्याने हात जोडले.

तो फाटकाबाहेर पडला, आणि आत्यांना काहीतरी आठवलं. "थांब रे भैया," म्हणत त्या आत धावल्या. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी पंचवीस जानेवारीचं पान टरकन फाडलं आणि त्याला नेऊन दिलं.